उत्रेख्तला भाचीचं लग्न: मुलीकडच्यांनी काय सादर करावं, थट्टा कुणाची चालते?

नवी पेठेतली मावशी (सोलापूर):

नमस्कार. नेदरलँड्समधली किंवा अमेरिकेतली लग्नं जवळून पाहिलेल्या मंडळींचा सल्ला हवाय. जरा सविस्तर लिहिते.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी नोकरीला उत्रेख्तला असते. येत्या मे महिन्यात तिचं लग्न आहे. मुलगा तिथलाच. वडील डच, आई मूळची अमेरिकेतल्या पिट्सबर्गची. माणसं मला फार आवडली. संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत तिघंही सोलापुरात होती. संमती कट्ट्याजवळच्या गर्दीत उभं राहून अक्षता टाकल्या, सात काठ्यांपुढं हात जोडले, आणि मुलाच्या आईनं शेंगाचटणीची कृती माझ्याकडून लिहून घेतली.

लग्न शुक्रवारी दुपारी, नगरपालिकेच्या इमारतीत. मग जेवण, मग रात्री नाचगाणं. आदल्या संध्याकाळी, आईच्या अमेरिकन रिवाजाप्रमाणं, दोन्ही घरच्यांचं एक जेवण.

परवा मुलाच्या मित्राचा मेल आला. त्या दिवसाची सगळी सूत्रं त्याच्याकडं आहेत. मुलीकडचे कोण काय सादर करणार, किती मिनिटं, माईक लागेल का, असं त्यानं विचारलंय. वर बजावलंय की नवरानवरीला यातलं काही कळता कामा नये. तिकडून विहीणबाईंनी कळवलं की आदल्या रात्री आपल्यापैकी कुणीतरी ग्लास उंचावून दोन शब्द बोलावेत, थोडं हसवावं. आमच्या घरात रुखवत मांडण्यापासून उखाणे जुळवण्यापर्यंत सगळी हौस माझी, त्यामुळं दोन्ही कामं माझ्याकडं आलीत.

माझ्याकडं आजेसासूबाईंची विहिणीला चिडवायची गाणी आहेत. कानपिळी करायची भाच्याची फार इच्छा आहे, जोडे लपवायचेही ठरवलंय. हे त्या लोकांना रुचेल का? त्यांच्यात कुणी कुणाची थट्टा करायची असते?

दुसरं, दाजी नाराज आहेत. निमंत्रणं दोन तऱ्हेची निघालीत. आम्हाला दुपारपासूनचं, आणि म्युनिकला असणाऱ्या त्यांच्या दोन पुतण्यांना फक्त रात्री आठनंतरचं. "रक्ताच्या माणसाला पंगतीला नाही बोलवायचं आणि नाचायला बोलवायचं, ही काय रीत?" असं ते म्हणतात, आणि मला उत्तर देता येत नाही. पत्रिकेच्या कोपऱ्यात एका पाकिटाचं चित्रही आहे. ते काय?

दोन घरांचं हे पहिलंच कार्य आहे. कुणाचं मन दुखू नये, आणि आपण नुसते कोपऱ्यात बसून राहिलो असंही व्हायला नको.


उत्रेख्तवासी सोलापूरकर:

मावशी, नमस्कार. माझं बालपण कन्ना चौकात गेलं, आता बरीच वर्षं इथं आहे. इथल्या बऱ्याच लग्नांना दिवसभर गेलोय आणि त्याहून जास्त लग्नांना फक्त रात्रीचा गेलोय. म्हणून आधी दाजींचं बोलतो.

इथं पाहुणे दोन प्रकारचे असतातच, दिवसाचे आणि संध्याकाळचे. दिवसाचे म्हणजे घरचे आणि अगदी जिवाभावाचे मित्र. ते नोंदणीला, केकला, जेवणाला असतात. रात्री मग ऑफिसातले, शेजारी, खेळाच्या क्लबातले, लांबचे नातेवाईक येतात. संध्याकाळचं निमंत्रण इथं कुणी अपमान समजत नाही, लोक आनंदानं येतात आणि मनसोक्त नाचतात. पण चुलत भाऊ लांबचा की जवळचा, याचा इथला हिशोब आपल्यापेक्षा वेगळा आहे, आणि मुलाकडच्यांना तो माहीत असायचं कारण नाही. दाजींनी मनात ठेवण्यापेक्षा भाचीला आत्ताच स्पष्ट सांगावं की आमच्यात चुलत भाऊ म्हणजे भाऊच. इथं स्पष्ट बोललेलं आवडतं आणि त्याचा राग धरत नाहीत. मे महिन्याला वेळ आहे, जेवणाची दोन ताटं वाढवता येतील. मी दाजींच्या जागी असतो तर आज रात्रीच फोन केला असता.

पाकिटाचं चित्र म्हणजे भेट म्हणून पैसे द्या. बहुतेक पत्रिकांवर असतं. हॉलमध्ये एक पेटी ठेवलेली असते, कार्डासकट पाकीट त्यात टाकायचं.

आता लग्न. कायद्यानं लग्न होतं ते फक्त नोंदणी अधिकाऱ्यापुढं. चर्चमधलं लग्नसुद्धा त्यानंतरच लावता येतं, आधी लावायला कायद्यानंच मनाई आहे. त्यामुळं सप्तपदी वगैरे करायची असेल तर ती नोंदणी झाल्यावर ठेवा. हळद आदल्या दिवशी खुशाल करा. भटजी हवे असतील तर हेगमध्ये सुरिनामी हिंदूंची मोठी वस्ती आहे, तिथले पंडित येतात. विधी डचमध्येही समजावून सांगतात. नोंदणीची पूर्वसूचना किमान 14 दिवस आधी द्यावी लागते, ती मुलं देतीलच. साक्षीदार कमीत कमी 2 आणि जास्तीत जास्त 4. भाचीच्या बाजूनं एखादी सही बहिणीच्या किंवा दाजींच्या हातची असली तर त्यांना फार बरं वाटेल, विचारून बघा.

पहिला हशा तिथंच होतो, हे बहिणीला आधी सांगून ठेवा. अधिकारी साधारणपणे आधी जोडप्याला भेटून त्यांची गोष्ट ऐकून घेतात आणि त्यावर भाषण करतात. दोघं कुठं भेटली, पहिल्यांदा कुणी कुणाला वाट बघायला लावली, घरात भांडी कोण घासतं, सगळं येतं त्यात. सरकारी खुर्चीतला माणूस आपल्या मुलीच्या पसाऱ्याबद्दल बोलतोय आणि सगळं सभागृह हसतंय, हे पहिल्यांदा ऐकताना आईचा जीव कासावीस होऊ शकतो. त्यात प्रेमच असतं.

तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. आपल्याकडं थट्टा दोन बाजूंमध्ये चालते. वरपक्ष, वधूपक्ष, करवल्या, विहिणी. नवरानवरी मधे मान खाली घालून बसलेली असतात. इथं बाजू नसतातच. सगळे मिळून त्या दोघांची थट्टा करतात, तीही अगदी खऱ्याखुऱ्या सवयींवरून. म्हणून विहिणीची गाणी तिथं म्हणू नका. त्या माउलीला कळणारच नाही की आपण काय केलं म्हणून आपलं नाव घेऊन हसतायत. ती गाणी सोलापूरच्या समारंभासाठी ठेवा, तिथं त्यांना शेजारी बसवून अर्थ सांगत म्हणा.

त्या मित्राच्या मेलचं मात्र मनावर घ्या. हे छोटे कार्यक्रम म्हणजे इथल्या लग्नाचा जीव. आत्या, मामा, ऑफिसातले, शाळेतले मित्र उठतात आणि ओळखीच्या चालीवर स्वतः लिहिलेलं गाणं म्हणतात, शब्दांचे कागद सगळ्यांना वाटलेले असतात. माझ्या एका सहकाऱ्याच्या लग्नात आम्ही त्याच्या सायकलीवर गाणं केलं होतं. ती कायम पंक्चर, आणि हा कायम उशिरा. सूर कुणाचाच लागत नव्हता. सगळ्यात जास्त हसली ती त्याची आजी, आणि तिनं तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. इथं साडेबारा वर्षं झाली की, पंचवीसचे अर्धे म्हणून, तांब्याचं लग्न साजरं करतात. तेव्हा तिनं तो कागद बाहेर काढावा आणि आम्हाला पुन्हा उभं करावं, अशी माझी फार इच्छा आहे.

दुसरा एक ठरलेला प्रकार मुळाक्षरांचा. ए पासून झेड पर्यंत एकेका अक्षरावर जोडप्याबद्दल एकेक ओळ. तुम्ही उखाणे जुळवता म्हणजे हे तुम्हाला सहज जमेल.

कानपिळी नक्की करा, फक्त त्या मित्राला सांगून ठेवा म्हणजे तो आधी दोन वाक्यांत सगळ्यांना समजावेल. जोडे लपवणंही चालेल, पण नोंदणी झाल्यावर. वेळेच्या बाबतीत ही इमारत कडक असते, तुमच्या मागं दुसरं लग्न उभं असतं. अक्षता टाकायचं विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी दारात तांदूळ उधळू देत नाहीत.

आणि हे विसरू नका: रात्री ताटातून गोल तळलेले गोळे मोहरीबरोबर फिरतील, त्यांना बिटरबॉलन म्हणतात. आत बहुतेक वेळा गोमांस असतं. बटाटेवड्यासारखे दिसतात म्हणून पटकन उचलले जातात. शाकाहारी मंडळींची यादी आजच कळवा.


पिट्सबर्गातली सोलापूरकरीण:

मावशी, विहीणबाई पिट्सबर्गच्या, हे वाचून मला राहवलं नाही. मी इथंच राहते.

तुम्ही रुखवत घेऊन जा. अगदी मोकळ्या मनानं न्या. इथं, आणि शेजारच्या ओहायोतल्या यंग्सटाउनला, लग्नात कुकी टेबल असतं. केक वेगळा असतोच. त्याशिवाय एका लांबलचक टेबलावर घरच्या बायकांनी, मावश्या, आत्या, आज्या, शेजारणींनी भाजलेल्या तऱ्हेतऱ्हेच्या कुक्या मांडतात. इटलीतून आणि पूर्व युरोपातून इथल्या पोलादाच्या कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांशी ही रीत जोडतात. कुणाच्या कुकीची चव कशी, कुणाच्या आधी संपल्या, याची चर्चा लग्नानंतरही चालते. पाहुण्यांना न्यायला डबे ठेवलेले असतात. अमेरिकेतल्या दुसऱ्या राज्यात जाऊन विचारलंत तर कित्येकांना हे ठाऊकही नसतं, पण पिट्सबर्गच्या बाईला त्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. त्यांना फोन करून विचारा, "तुमच्या टेबलावर आमच्यासाठी जागा ठेवाल का?" विहीणबाईंशी मैत्री व्हायला याहून चांगला रस्ता मला सुचत नाही.

शेंगापोळी, शेंगदाण्याचे लाडू न्या, पण ताटापुढं ठळक चिठ्ठी लावा की यात शेंगदाणे आहेत. या अॅलर्जीनं माणूस दवाखान्यात पोचतो, आणि आपण सोलापूरचे लोक शेंगदाणा सगळीकडं घालतो. शेंगदाण्याचं ताट वेगळं, बाकीचं वेगळं, चमचेही वेगळे. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे-बर्फी नको.

आता आदल्या रात्रीचं जेवण. इथं लग्नाच्या आदल्या दिवशी समारंभाची रंगीत तालीम होते, कोण कुणामागून चालणार, कुठं उभं राहणार. मग जेवण, आणि ते परंपरेनं मुलाकडचे देतात. माणसं मोजकी असतात, म्हणून तिथलं बोलणं जास्त घरगुती. लग्नाच्या दिवशी नवऱ्याचा जवळचा मित्र, नवरीची जवळची मैत्रीण आणि वडील बोलतात. आदल्या रात्री कुणीही बोलू शकतं.

डच लोकांसारखं सगळ्यांनी मिळून गाणं म्हणायची पद्धत अमेरिकेत फारशी नाही. इथं एकच माणूस उभा राहतो. तो एक प्रसंग सांगतो, त्यात नवरा किंवा नवरी जरा फजीत होते, सगळे हसतात, आणि मग बोलणारा एकदम मनातलं बोलतो. बहुतेकदा तिथं त्याचाच आवाज दाटतो. शेवटी ग्लास वर. ग्लासात सरबत असलं तरी चालतं. दोन-तीन मिनिटं पुरे. जुन्या प्रेमप्रकरणांचा, पगाराचा, वजनाचा उल्लेख करायचा नाही. काही मित्र करतात, आणि सभागृह गप्प होतं. ते ऐकायला मला कधीच आवडलं नाही.

बहिणीला एक आधी सांगून ठेवा. अमेरिकन पद्धत पूर्ण पाळली तर नवरा सगळ्यांसमोर नवरीच्या मांडीवरचा लेसचा पट्टा काढून अविवाहित मुलांकडं भिरकावतो. हल्ली खूप जोडपी हे वगळतात. भाचीला आधीच विचारा, म्हणजे दाजींना अचानक बघायला लागणार नाही. फुलांचा गुच्छ मैत्रिणींकडं फेकतात तो मात्र बघण्यासारखा असतो.

भेटीचं म्हणाल तर अमेरिकेत पाकिटाच्या चित्राऐवजी वस्तूंची यादी असते. शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानानं 1924 साली ती सुरू केली. नवरानवरी दुकानात जाऊन हव्या त्या वस्तू लिहून ठेवतात, आणि पाहुणे त्यातलं एकेक उचलतात. पाच जणांकडून पाच लेमन सेट येत नाहीत.


साखर पेठवाला:

मावशी, टेन्शन घेऊ नका ओ. माझ्या घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी. आपल्या सोलापुरात एका लग्नात तीन भाषा असतातच की. तुमच्या भाचीच्या लग्नात पण तीनच व्हायलेत.

भाषा न लागणारा एक खेळ सांगतो. आमच्या पद्मशाली लग्नात घागरीत अंगठी टाकतात, नवरानवरी दोघं एकदम हात घालून शोधतात, तीनदा. तुमच्यात पण हळदीच्या पाण्यात करतात. आमच्या ताईच्या लग्नात तिच्या ऑफिसातली केरळची पोरं आलती. कुणाचं कुणाला कळत नव्हतं, पण घागरीभोवती सगळे मिळून ओरडलालते. दुसऱ्यांदा अंगठी हातात आलती तरी दाजींनी ताईच्या हातात सोडून दिली, ते सगळ्यांनी बघितलं. तुमच्याकडच्या डच आज्जीला पण बघता क्षणी कळेल.

आणि भाच्याला बाराबंदी, यात्रेतला तो पांढरा पोशाख, घालून न्या. ते लोक गड्ड्याला येऊन गेलेत, लगेच ओळखतील. अक्षता टाकायची परवानगी मिळाली तर माईकवर सांगा की आमच्या गावात दरवर्षी संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं आणि सगळं शहर त्याला वऱ्हाडी असतं. मला तर हे सांगतानाच अंगावर काटा येतो. भेट द्यायला चादर जड होत असेल तर टॉवेलचा जोड न्या, दोन्हीला जीआय मानांकन हाय.


नवी पेठेतली मावशी (सोलापूर):

तुम्हा तिघांचे किती आभार मानू! काय काय ठरलं ते लिहिते.

दाजींनी भाचीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, यादी करताना त्यांनी मला विचारलं होतं, चुलत भाऊ दिवसाचे की रात्रीचे? मी म्हटलं, तुमच्यात असतात तसं करा." दुसऱ्या दिवशी पुतण्यांना नवीन पत्रिका गेली. दाजी आता सूट शिवायला टाकायचं म्हणतायत. साक्षीदार म्हणून सही बहीण करणार.

विहीणबाईंना कुकी टेबलाचं विचारलं. त्या एवढ्या खूश झाल्या की फोनवरच त्यांच्या आईच्या हातच्या अक्रोडाच्या कुक्यांबद्दल सांगत बसल्या. अर्धं टेबल आपलं. शेंगापोळ्या तेलावरच्या करते, चिठ्ठी इंग्रजीत आणि डचमध्ये भाची लिहून देणार.

आदल्या रात्री मी बोलणार ते असं. भाची तिकडं गेल्यावर भाकरी शिकायला मला व्हिडिओ कॉल लावायची. भाकरी थापताना फोन धरायला कुणीतरी लागायचं. मला दिसायचा तो फक्त एक हात, मनगटावर निळ्या पट्ट्याचं घड्याळ. कितीतरी दिवस मी या जावयाला हातानंच ओळखत होते. भाकरी मोडली की तो हात आधी हलायचा आणि मग मोडलेला तुकडा उचलून घ्यायचा. इथं ते हसतील असं वाटतं. मग मला म्हणायचंय, की बिघडलेली भाकरी जो कुरकुर न करता खातो, त्याच्या घरी मुलगी द्यायला मावशीची हरकत नाही, आणि असा मुलगा वाढवल्याबद्दल त्याच्या आईवडिलांना माझा नमस्कार. हे थेट त्यांच्याकडं बघून म्हणणार आहे. दोन मिनिटांत बसतं, घड्याळ लावून बघितलं.

मुळाक्षरांच्या जागी मी आपली बाराखडी घेतलीय. क: कडक भाकरी, जी तिथल्या ओव्हनमध्ये मऊ पडली. ग: गड्डा, जिथं जावई पाळण्यात बसून घाबरला आणि भाची हसली. स: सायकल, जी तिनं कुठं लावली ते तिलाच आठवत नाही. ह: हुग्गी, आपली गव्हाची खीर, जी त्यानं तीन वाट्या खाल्ली. पुतणे एकेक ओळ डचमध्ये म्हणणार आहेत, ते आता सरावाला लागलेत. शेवटी भाचीकडून उखाणा घ्यायचा, तिला न सांगता. जुळवून ठेवलाय:

सायकलीला घंटी, कालव्याला पूल,
…चं नाव घेते, सिद्धरामेश्वराला वाहून फूल.

अंगठीचा खेळ जेवणानंतर. त्याला पसरट परात लागेल. इथून नेली तर बॅगेत शेंगापोळ्यांना जागा उरत नाही. तिथं मिळेल का?


उत्रेख्तवासी सोलापूरकर:

माझ्याकडं आईची पितळी परात आहे, मधल्या आकाराची. शुक्रवारी दुपारीच हॉलवर पोचवतो, त्या मित्राचा नंबर भाचीला न कळता मला पाठवा. हळद इथल्या दुकानात मिळते, पण खाली जुनी सतरंजी अंथरा, हॉलवाले डागांचे पैसे लावतात. आणि बाराखडीच्या डच ओळी मला वाचायला पाठवा. पुतणे म्युनिकचे आहेत, डचमध्ये जर्मन मिसळेल.